संत भीमांचा एक तरी चमत्कार

"एक चमत्कार. एकच! लहानसा चालेल."

"त्यांनी चमत्कार केले नाहीत, ब्रदर."

"सगळे संत असंच म्हणतात."

"ते संत नव्हते! किती वेळा सांगू?"

"हळू. भिंतीपलीकडे फादर हेन्क झोपलेत."

"झोपू दे. मेलो तरी मी हेच सांगणार."

आइंडहोवन या डच शहरापासून बसने अर्ध्या तासावर, म्हाताऱ्या धर्मगुरूंच्या आश्रमात हे इंग्रजी भांडण चाललेलं. एका खुर्चीत ब्रदर टोन, वय एकोणनव्वद, ब्राबंटच्या शेतकऱ्याचा मुलगा, कान मोठे आणि ऐकणं कमी. समोर बळवंत तायडे, वय चौऱ्याहत्तर, मूळचे अकोल्याचे, निवृत्त गणित शिक्षक. मधल्या टेबलावर बिस्किटांचा डबा. कॉफीबरोबर प्रत्येकाला एक बिस्किट देऊन ब्रदरनी झाकण लावलं होतं. तायडे सरांनी आणलेल्या चिवड्याचं झाकण मात्र ते लावू देत नव्हते.

सर मुलीकडे, तेजलकडे, तीन महिन्यांच्या व्हिसावर येतात. आले की दर गुरुवारी इथे.

"बाबा, तुम्ही ब्रदरना भेटायला जाता की भांडायला?" तेजल विचारते.

"तिकीट एकच लागतं गं. दोन्ही कामं होतात."

पाच वर्षांचे असताना सरांनी वडिलांच्या खांद्यावर बसून नागपूरला दीक्षा घेतली. वडील जिनिंग प्रेसमध्ये हमाल. घरात देव नाही, नवस नाही, अंगारा नाही. पोरानं परीक्षेला जाताना आकाशाकडे बघितलं तरी वडील विचारायचे, "तिकडं कोण हाय? पुस्तकात बघ." पोरानं पुस्तकात बघितलं, एम.एस्सी. झाला, आणि एक्क्याऐंशी साली पेपरातली जाहिरात बघून बायकोला, ललिताबाईंना, घेऊन थेट झांबियात उतरला. मुलोन्गा मिशन शाळा, मुलांचं वसतिगृह, सगळ्यात जवळचं पोस्ट ऑफिस एका दिवसाच्या अंतरावर.

ही शाळा डच ब्रदर लोकांनी काढलेली. पहिले मुख्याध्यापक येताना पितळी घंटा, सहा सायकली आणि ट्यूलिपचे कंद घेऊन आले. कंद वाळवीनं खाल्ले, सायकली वाळूत रुतल्या. घंटा तेवढी टिकली, आणि पहाटे पाचला ती वाजली की मुलं तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. रोज सकाळी प्रार्थना, मग मक्याची पेज, मग कुदळी घेऊन शेत. संध्याकाळी घेवडा. घेवड्यात किडे निघाले की तेव्हाचे मुख्याध्यापक ब्रदर टोन म्हणायचे, "मांसाहार समजा." सर त्यांच्या तोंडावर म्हणाले, "मग शुक्रवारी, तुमच्या उपवासाला, कसा चालतो?" त्या दिवसापासून दोघांचं जमलं.

सरांना वसतिगृहाचं प्रमुख केलं. मुलांच्या खोलीत क्रूस होता. त्याच्या बाजूला सरांनी खिळा ठोकून बाबासाहेबांचा फोटो लावला. निळा कोट, चष्मा, हातात पुस्तक. आणि एके दिवशी बिशप तपासणीला आले. बिशप कडक. शाळेत संतांशिवाय कुणाचं चित्र दिसलं की शिक्षकाला घरी पाठवायचे.

"हे गृहस्थ कोण?"

ब्रदर टोनना घाम फुटला. अख्ख्या जिल्ह्यात गणिताचा हा एकच शिक्षक.

"भारतातले संत आहेत, महाराज. संत भीमा."

"अस्सं? यांचा सण कधी?"

सरांचं तोंड उघडंच होतं. त्यातून खरं तेच बाहेर पडलं. "चौदा एप्रिल."

बिशप खूश. दरवर्षी चौदा एप्रिलला मुलांना अर्धी सुट्टी जाहीर करून ते जीपमधून निघून गेले.

त्या रात्री सर ललिताबाईंना म्हणाले, "उद्या जाऊन सांगतो, की हे खोटं आहे." बाई चूल फुंकत म्हणाल्या, "पोरांची सुट्टी काढून घेणार? जयंती आहे ना? साजरी करा. नाव काय का ठेवीनात." बाईंनी शेंगदाण्याचे लाडू वळले. सरांनी नियम काढला: प्रत्येकानं कुठल्याही पुस्तकातलं एक पान मोठ्यानं वाचायचं, मगच लाडू. मुलांना वाटलं, हीच या संताची प्रार्थना.

सर त्र्याण्णवला अकोल्याला परतले. लाडू मागे राहिला.

आणि आता मुलोन्गाहून फोनवर फोटो आलेला. नवं वसतिगृह, पाटी नुकतीच लागलेली: संत भीमा भवन. दारात गावातल्या सुताराने कोरलेली मूर्ती. निळा कोट बरोबर, तारेचा चष्मा बरोबर, हातात पुस्तक. आणि डोक्यामागे पितळी तेजोवलय.

"बाबासाहेबांच्या मागं ही थाळी कुणी लावली?" सर ओरडलेच होते.

नव्या बिशपच्या कचेरीनं संतांची माहिती मागवली होती. जन्म, कार्य, चमत्कार. जुन्या ब्रदर लोकांपैकी टोन एकटेच जिवंत, म्हणून काम त्यांच्याकडे.

"बरं," ब्रदर चिवड्यातला शेंगदाणा वेचत म्हणाले, "त्या तळ्याचं तू सांगतोस ना, ते परत सांग."

"महाडचं? तळ्याचं पाणी आमच्या लोकांना पिऊ देत नव्हते. गुरं प्यायची, माणसं नाही. बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. मग सगळे प्यायले. मग मार खाल्ला."

"झालं की! त्यांनी हात लावला आणि हजारो लोकांसाठी ते पाणी पिण्याजोगं झालं. चमत्कार!"

चुकीचं म्हणावं तर वाक्यात खोटं काहीच नव्हतं.

"ब्रदर," ते सावकाश म्हणाले, "पाणी आधीपासून पिण्याजोगं होतं. नासली होती ती माणसं. चमत्कार म्हटलं की त्या माणसांना माफी मिळते. आणि माझा बाप आयुष्यभर कुणापुढे वाकला नाही, ते काय बाबासाहेबांना थाळी लावायला?"

"खरं सांगितलंस तर पाटी जाईल. सुट्टीही जाईल."

"आणि नाही सांगितलं तर बाबासाहेब जातील."

तेवढ्यात टॅबलेट वाजला. मुलोन्गाचे आताचे मुख्याध्यापक, फादर चिशिम्बा. सरांचाच विद्यार्थी, टक्कल पडलेलं.

"सर! तुम्हीही आहात! मग माहिती तयार?"

ब्रदर टोन सरांच्या पायावर पाय ठेवायला गेले. पाय पोचला नाही.

"चिशिम्बा, ते संत नव्हते," सर म्हणाले. "वकील होते. आमच्या देशाचा कायदा लिहिला. तुमचा देव मानत नव्हते, आमच्याकडचेही नाही. शाळेत त्यांना वेगळं, गोणपाटावर बसवायचे. तरी शिकले. एवढंच."

पलीकडे कोंबडा आरवला.

"सर, मी त्या फोटोपुढे गुडघे टेकून म्हणालो होतो, गणितात पास कर."

"मग?"

"पास झालो."

"चमत्कार!" ब्रदर टोन टेबलावर थाप मारून ओरडले. पलीकडून फादर हेन्कनी भिंत ठोकली.

"कसला चमत्कार! सहा महिने रोज संध्याकाळी मी याला बीजगणित घोकवलंय!"

चिशिम्बा हसला, पण थोडंच. "सर, पाटी उतरवावी लागेल."

"उतरव. ती थाळीही काढ. वाचन मात्र बंद करू नकोस."

"ते माझ्या हातात आहे. पण बिशप एक विचारणारच, की हे मुळात सुरू कुणी केलं. ते म्हणतील, एका परक्या धर्माच्या शिक्षकानं आपल्या माणसाला चर्चमध्ये घुसवलं. तुमचं नाव शाळेच्या इतिहासातून पुसतील, सर. बारा वर्षं तुम्ही इथे..."

"मी तसं म्हणालो नव्हतो. मी फक्त तारीख सांगितली."

"मला ठाऊक नाही, सर. तेव्हा खोलीत तुम्ही होता, बिशप होते आणि ब्रदर. बिशप तर गेले."

सरांनी टॅबलेट उचलला आणि ब्रदरच्या तोंडासमोर धरला.

"सांगा, ब्रदर. माझ्यावर येतंय हे."

ब्रदर टोननी तोंडातला चिवडा संपवला. मिशीवरची शेव झटकली. चालताना आधाराला धरायची चाकांची गाडी पुढ्यात ओढली, ब्रेक काढला आणि दोन प्रयत्नांत उभे राहिले.

"ब्रदर, कुठे निघालात?"

गाडीचं एक चाक गालिच्यात अडकलं. त्यांनी ते वाकून सोडवलं. दाराशी पोचायला त्यांना इतका वेळ लागला, की सरांनी प्रश्न पुन्हा विचारला, मग चिशिम्बानं विचारला, "ब्रदर, कुणी सांगितलं बिशपना?"

काचेचं दार आपोआप उघडलं. ब्रदर टोन मागे न बघता बाहेर पडले आणि गाडी ढकलत प्रार्थनाघराकडे न जाता दुसऱ्याच बाजूला, जेवणघराकडे वळले.