अक्काचं रक्त

गेल्या हिवाळ्यात एका सोमवारी दुपारी माझी बायको गेली. मी हॉस्पिटलमधून धुळ्याला घरी आलो आणि तिची चप्पल आत ठेवली.

ती ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. रोगप्रतिकारशक्तीच्या धड्याला पारोळ्याच्या बाजारातल्या कासाराचं उदाहरण द्यायची. शरीरात अगणित पेशी, प्रत्येकीकडे फक्त एकच, वेगळ्या मापाची बांगडी. जंतू आला की जिची बांगडी त्याला बसेल ती पेशी स्वतःसारख्या हजारो तयार करते आणि त्या लढतात. पहिल्यांदा याला दिवस लागतात. नंतर काही पेशी ते माप लक्षात ठेवून मागे राहतात, म्हणून एकदा झालेला गोवर सहसा पुन्हा होत नाही.

मग तिला रक्ताचा कर्करोग झाला. औषधांनी तिच्या हाडांतला मगज रिकामा केला आणि तिच्या मोठ्या बहिणीच्या, पारोळ्याच्या अक्काच्या, मूळपेशी तिला दिल्या. लहानपणापासून साठवलेली मापं पुसली गेली. लशीसुद्धा बाळासारख्या पुन्हा घ्यायच्या होत्या.

"अकरावीची मुलं आहेत हो ती," नव्या पेशींबद्दल ती मला म्हणाली, "दिवाळीपर्यंत त्यांना काही येत नाही."

तसेच चार-पाच महिने तिला हवे होते.

आमच्याकडे आजाऱ्याला सगळी गल्ली भेटून जाते. जो येत नाही त्याचं नाव निघतं. मी मात्र लोकांना दारातूनच परत पाठवत होतो. अक्कालाही आत घेतलं नाही, तेव्हा ती ओट्यावर बसली आणि खिडकीतून ओरडली, "मन्हंच रगत शे तिना आंगमा, आन् मालेच बंदी का, जवाईबुवा?"

आतून उत्तर गेलं, "तुले वळखस ते, अक्का. एसटीमाईन येनारा जंतूसले अजून वळखत नही!"

त्यानंतर अक्का दर रविवारी यायची. मध्ये खिडकीची जाळी, आणि दोघी ऊन उतरेपर्यंत बोलायच्या. बहुतेक माझ्याबद्दलच. मी चहा करताना ऐकायचो. आता चहा ठेवला की हात थांबतो, कान खिडकीकडे जातो.

हिवाळ्यात बायकोला ताप आला. सर्दीचाच विषाणू, पण फुप्फुसांत उतरला. नव्या पेशी वाढताहेत, असं डॉक्टर सांगत होते. त्या वाढतही होत्या. विषाणू त्यांच्या पुढे होता.

अक्का अजून येते, घरात बसते. गेल्या महिन्यात तिला सर्दी झाली आणि आपोआप बरी झाली. त्या पेशी आता फक्त तिच्यात आहेत.