कोपरावरचा निळा ठिपका

आमची शाळा दुपारची. सकाळपासून मी पोट धरून बसलेय, आई ओवा चावायला देते आणि मी कॉटवर आडवी होते. आज मराठीची तोंडी परीक्षा आहे, वर्गासमोर उभं राहून कविता म्हणायची. मागच्या वेळी दुसऱ्याच ओळीला माझा आवाज गेला, सगळे हसले, आणि माझ्यात काही नाहीच हे माझं पक्कं झालं. आज शाळेला दांडी मारायचं ठरवलंय. आईला अजून सांगितलेलं नाही. कुकरची शिट्टी होते. दुसरी फार लांबून ऐकू येते.

मी वर्गात बाकावर आहे. शेजारी तनुजा. दिवाळीच्या सुट्टीत ती डेंग्यूने गेली, तेव्हापासून मी इथे एकटी बसते. आज तिने तिची जागा घेतलीय आणि माझीही थोडी. हजेरीला तिच्यामागून माझा नंबर यायचा. ती पेनच्या टोकाने माझं कोपर टोचायची, मग कुठे माझ्या तोंडून ‘हजर’ निघायचं. आता बाईंना दोनदा पुकारावं लागतं.

“नंबर वर सरकवले गं. तुझा आता मला दिलाय,” मी सांगते.

“असू दे. नीट वापर.”

बाक एसटी स्टँडवर आहे. फळाही इथेच, गाड्यांच्या पाट्यांखाली. सगळे प्रवासी पाठमोरे बसलेत. कोणीतरी माझं नाव पुकारतं. मी तनुजाला म्हणते, मला नाही जमणार, तुझं बरं होतं, तू कशालाच घाबरायची नाहीस.

ती पेनचं टोपण चावत राहते.

“मी? ‘हजर’ म्हटलं की माझा हात थरथरायचा. तुला टोचलं की थांबायचा.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तू शेजारी होतीस ना. तेवढ्यावर भागत होतं माझं.”

मला रडू येतं. मी कोणाच्या तरी उपयोगाची होते, आणि हे मला आत्ता कळतंय, ती नसताना. माणसं एकेक करून गाडीत चढतात. तनुजाही उठते. मी तिची ओढणी धरते, ती हातातून सुटते.

“कस्तुरी, ऊठ. जायचंय ना शाळेत?”

आई उशाशी उभी आहे. कोपराला शाई कुठली लागली, म्हणून विचारते. मी हात वळवून बघते. निळा ठिपका, अजून ओला. आई पदराने पुसायला वाकते. मी हात मागे घेते आणि माझा गणवेश कुठे आहे ते विचारते.