तिसरी पिन

दारव्ह्याला आमच्या घरामागे टिनाचं शेड आहे. तिथे मी आणि माझे मिस्टर दारं, चौकटी, दिवाण बनवतो. ते माप काढतात, कापतात. रंधा मशीन मात्र मी चालवते.

त्या पावसाळ्यात मशीनला हात लावला की झिणझिण्या यायच्या. मी म्हटलं, "अहो, मशीन चावते."

"ओल हाये ना खाली. चप्पल घालत जाय."

चप्पल घातली की झिणझिण्या थांबायच्या, म्हणून आम्ही तो विषय सोडून दिला.

मग एके सकाळी सासूबाई शेडमध्ये सूप शोधायला आल्या. पाय अनवाणी, जमीन ओली. टेबलावरची मशीन बाजूला सारायला त्यांनी हात लावला आणि त्यांचा हात तिथेच चिकटला. तोंडातून आवाज नाही, नुसतं अंग थरथरत होतं. मी त्यांच्याकडे धावले नाही, बोर्डाकडे धावले. बटण बंद केलं तशा त्या भुशाच्या ढिगावर बसल्या.

"मी सोडाले पाहत होती, पण हातच सुटेना वं माय!" एवढं बोलल्या आणि पाणी मागितलं. मला मात्र रडू आलं. दवाखान्यात नेऊन आणलं. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हटलं, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

दुपारी वायरमन आला. मशीनच्या आतली वायर घासून बॉडीला टेकली होती. त्याने प्लग हातात घेतला. तीनपैकी जाडी पिन गायब! आमच्या जुन्या बोर्डाला दोनच भोकं, म्हणून मिस्टरांनी ती कापली होती.

"भाऊ, हे अर्थिंगची पिन. करंट बॉडीत उतरला त इथून जमिनीत जाते. तुमी रस्ताच तोडला, मंग तो माणसातून गेला. आता खड्डा खोदून अर्थिंगचा पाइप गाडा लागते, भवताल मीठ-कोळसा भरला का ओल टिकते."

तो निघण्याआधी सासूबाई लेकाला म्हणाल्या, "आता कायची वाट पाहतं? खोद."

वरची काळी माती भराभर निघाली, खाली मुरूम लागला. दोघं दीर मदतीला आले. मी खडेमीठ आणायला गेले तर दुकानदार म्हणतो, "एवढं मीठ? लोणचं घालून राह्यले काय?" कोळसा शेडमधल्याच ढलप्यांचा पाडला. पाइप उभा करून मीठ-कोळशाचे थर सासूबाईंनी स्वतः भरले, वरून बादलीभर पाणी ओतलं. पाइपाची वायर नव्या तीन भोकांच्या बोर्डात आली, मशीनला नवी वायर, नवा प्लग बसला. शॉर्ट झाला की आपोआप पडणारा स्विचही वायरमनने लावला. शेवटी त्याने फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब धरला. लख्ख पेटला, म्हणजे करंटला जमिनीत जायचा रस्ता मिळाला.

हे ऐकून शेजारचा पीठगिरणीवाला आला. आपल्या गिरणीची पिन आहे की नाही, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. आता त्याच्याकडे खड्डा सुरू आहे, आणि सासूबाई जेवण झालं की तिकडे जाऊन बसतात. "थर बरोबर भरून राह्यले का पाहाले पाह्यजे ना कोनी," म्हणतात. तेवढा वेळ घर मला मोकळं मिळतं.