तुटलेली पट्टी

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर जेवताना करमणूक म्हणून वाचत आले. पॉलिमरमध्ये पीएचडी, त्यात पुण्यात कसब्यातलं घर... आमच्याकडे कुणी 'बाधा' म्हटलं की आधी 'ताप मोजलास का' असं विचारतात. असल्या गोष्टींवर विश्वास कधीच नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण झालं ते असं.

हडपसरच्या पुढे एका खाजगी संशोधन केंद्रात मी होते. तिथे नवी ऑटोमॅटिक यंत्रणा आली होती — कॉम्प्युटर मिश्रण ठरवणार, रोबोटचा हात रेझिन, म्हणजे पातळ प्लास्टिक, साच्यात ओतणार, पट्टी कडक झाली की तोच हात ती ओढण्याच्या मशीनला लावणार. दोन्ही टोकं चिमट्यांत धरून तुटेपर्यंत ओढायची, किती जोरावर तुटली ते कॉम्प्युटर टिपणार. सगळं बंद काचेच्या कपाटात. दार उघडलं की मशीन थांबतं आणि तशी नोंद होते.

माझ्या हाताखाली निखिल होता. जवळच्याच मांजरी गावचा, हुशार. त्याला मीच घेतलं, मीच शिकवलं. मला ताई म्हणायचा. बाबांच्या आजारपणात हॉस्पिटलमध्ये माझ्याइतकाच तोही बसला होता.

त्या दुपारी आम्ही दोघं काचेसमोर उभे होतो. पट्टी ताणली गेली, टक् असा आवाज आला, दोन तुकडे झाले — एक वरच्या चिमट्यात, एक खालच्या. मी आकडा बघायला स्क्रीनकडे वळले, तेवढ्यात निखिलने माझं मनगट धरलं.

"ताई... बघा."

चिमट्यांमध्ये पट्टी अखंड होती. दार बंद. रोबोटचा हात लांब, आपल्या जागी.

मी मशीन थांबवून ती काढली. आमचाच बॅच नंबर, कडेला तोच हवेचा बुडबुडा. बोट फिरवलं, सांधा कुठेच नाही. हे रेझिन एकदा तुटलं की संपलं, तापवूनही जुळत नाही.

"कुणाला सांगायचं का हे?" निखिलने विचारलं.

"सांगायचंच. दोघांनी पाहिलंय."

दुसऱ्या दिवशी मी डायरेक्टरांच्या टेबलावर पट्टी ठेवली आणि सगळं सांगितलं. निखिल शेजारीच होता.

"म्हणजे नोंद तुटल्याची, आणि पट्टी शाबूत," सर म्हणाले. "मॅडम, याला आपण डेटा बनवणं म्हणतो."

"निखिलला विचारा."

निखिलने पट्टी हातात घेऊन परत ठेवली. मग म्हणाला, "सर, मी तेव्हा खाली चहाला गेलो होतो. ताईंकडून दुसरी पट्टी लागली असेल... चुकून."

ते 'चुकून' त्याने अगदी मायेने म्हटलं. पट्टी तुटल्यापासून मी मशीन थांबवेपर्यंत दार उघडल्याची नोंद नव्हती, ते मी दाखवलं. "नोंदी बदलायचा पासवर्ड तुमच्याकडेच असतो ना?" सर म्हणाले. आधी रजा, मग राजीनामा. यंत्रणा निखिलकडे गेली.

काही महिन्यांनी तो घरी आला, पेढे घेऊन. आई चहा टाकायला आत गेली तेव्हा मी विचारलं, "तू पाहिलं होतंस ना?"

"पाहिलं होतं, ताई."

"मग?"

"तुम्हाला कुठेही नोकरी मिळेल. मला वेडा ठरवलं असतं तर मी कुठे गेलो असतो?" मग म्हणाला, "मी रोज बघत बसतो. परत नाही झालं तसं."

"हे सरांना सांगशील?"

"आता कशाला..."

चहा संपवून त्याने कप स्वतः आत नेऊन ठेवला, आईच्या पाया पडला आणि गेला.

ती पट्टी सरांनी ठेवून घेतली होती. आता सापडत नाही म्हणतात. इथे पॉलिमरमधलं कुणी असेल तर सांगा, असं होऊ शकतं का? मी पुष्कळ वाचलं, सापडलं नाही.

आईला यातलं काहीच सांगितलेलं नाही. परवाच म्हणाली, "निखिल बऱ्याच दिवसांत आला नाही गं. जेवायला बोलाव की त्याला."