आठ वाजून वीस मिनिटं

आत्यांचा गुडघा आता जिन्याचं नाव काढलं तरी कुरकुरतो, पण एके काळी गल्लीतला एकही जिना त्यांनी सोडला नव्हता. वस्तीच्या रेडिओसाठी वर्गणी गोळा करणं हे त्यांचं काम, आणि युक्तीही त्यांचीच: सकाळी आठ ते नऊमधलं एकेक मिनिट एकेका घराला देऊन टाकायचं. वर्षाची वर्गणी भरली की निवेदिका रोज म्हणायची, "आठ वाजून पाच मिनिटं, शिंप्यांच्या घरची." लोक नुसते खुळावले. एका सासूने आणि सुनेने तर शेजारशेजारची मिनिटं घेतली आणि त्यावरूनही भांडल्या. आत्यांनी स्वतःसाठी मात्र एकही घेतलं नाही. म्हणायच्या, "मी वाढणारी, मला कशाला पान?"

आठ वीस इस्त्रीवाल्याचं, बायकोच्या नावाने घेतलेलं. ती गेली तरी वर्गणी चालूच. आठ वीस झाले की तो इस्त्री बाजूला उभी करायचा, आणि गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी मिनिटभर कशालाच हात लावायचा नाही.

मग एकदा ट्रान्समीटरने मान टाकली. नव्यासाठी गाद्यांची एक कंपनी पैसे द्यायला तयार होती, पण तिला आठ ते नऊ अख्खा तास हवा होता. शुक्रवारपर्यंत साठही घरांच्या सह्या आणायच्या, नाहीतर रेडिओला कुलूप. आत्या पुन्हा जिने चढल्या. गोडीगुलाबीने गळ्यात मारलेली मिनिटं परत मागताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोकांनी कुरकुरत का होईना, सह्या केल्या. इस्त्रीवाल्याकडे आत्या दोनदा गेल्या आणि दोन्ही वेळा नुसत्या चादरी टाकून आल्या. कागद पिशवीतच राहिला.

शुक्रवारी कंपनीच्या साहेबाला त्यांनी सरळ सांगितलं, "एकोणसाठच आहेत. साठावं मागायला माझी जीभ रेटली नाही." आणि कारणही सांगितलं. साहेबाने पेनाचं टोपण काढलं.

"एका मिनिटाने आमच्या गाद्या काही खपायच्या राहत नाहीत," म्हणाला, आणि सही केली.

त्याला आता कितीतरी वर्षं झाली. गेल्या महिन्यात इस्त्रीवालाही गेला, तेव्हापासून आत्यांनी सकाळचा रेडिओच सोडला. ते आठ वीस मोकळं जाताना ऐकवणार नव्हतं. काल भाचीने न विचारता लावला. "बंद कर गं," म्हणेपर्यंत निवेदिका बोललीसुद्धा:

"आठ वाजून वीस मिनिटं. इस्त्रीवाल्या काकांनी लिहून ठेवल्याप्रमाणे, आत्यांच्या घरची."

"महिना झाला रोज सांगतायत," भाची म्हणाली. "तूच ऐकत नव्हतीस."

आत्यांनी हातातली सुरी खाली ठेवली, आणि मिनिटभर कशालाच हात लावला नाही.