कर्ण्याला फासलेलं डांबर

गल्लीत आज रस्ता होतोय. गरम डांबराचा वास खिडकीतून आत आला आणि मी सत्तरच्या दशकातल्या सोलापुरात, आमच्या खोलीत जाऊन बसले.

दादाला, माझ्या थोरल्या भावाला, आवाजाचं वेड. थिएटरातून निघालेला पत्र्याचा मोठा कर्णा त्यानं घरी आणला होता. वारलेल्या अण्णांचं, आमच्या वडिलांचं, टेपवरचं भजन त्यातून चिरकं वाजायचं. ते ऐकत आई शेंगा फोडायची. पत्रा थरथरू नये म्हणून दादानं कर्ण्याला बाहेरून डांबर फासलं, वर जुन्या चादरीच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि टेप लावली.

अण्णा खोलीतच होते. भजनाआधी घेतलेला त्यांचा श्वाससुद्धा ऐकू आला.

आई उठली. मांडीवरच्या शेंगा सांडल्या. डोक्यावर पदर घेऊन ती भिंतीला लागून उभी राहिली, अण्णा घरात आले की राहायची तशी.

"बंद कर की," दाराकडं बघत ती म्हणाली. "आवाज आला. आता ते आलं न्हाईत, तर मी काय करू?"

दादानं सगळं डांबर खरवडून काढलं. तेव्हा मला त्याच्या मेहनतीचंच वाईट वाटलं होतं.

आता दादाही नाही. त्याचा आवाज माझ्या मोबाइलमध्ये आहे. मुलगी म्हणते, चांगला स्पीकर आणू. मी नको म्हणते. मोबाइलवर दादा लांबून बोलतो. तेवढं लांबच बरं.