निखिलच्या अल्बमखालचे अभिप्राय

माझ्या धाकट्या भावाच्या, निखिलच्या, जुन्या रॅप अल्बमखाली आज एका मुलीचा अभिप्राय दिसला. 'वर्गात मला चष्मिश म्हणून चिडवतात. ही गाणी ऐकली की बरं वाटतं. पुढचा अल्बम कधी?'

कोडिंग, बुद्धिबळ, कृष्णविवरं असल्या विषयांवरची ती गाणी निखिलनं तीन वर्षं खपून केली होती. तेव्हा लोकांची मतं तो चहा पिताना मला वाचून दाखवायचा. कुणी कौतुक केलेलं असायचं, कुणी टिंगल. दोन्हींवर तो हसायचा. एकदा मात्र वाचता वाचता थांबला आणि फोन पालथा ठेवून उठून गेला. 'हे गाणं नाही, पाठ्यपुस्तक आहे. नोकरी बघ,' असं कुणीतरी लिहिलं होतं. त्यानंतर त्यानं एकही गाणं केलं नाही.

ते खोट्या नावानं मीच लिहिलं होतं. त्याच्या काळजीपोटी, असं मी स्वतःला सांगत आले. अनोळखी माणसाचं एक वाक्य कुणी इतकं मनाला लावून घेतं का, याचं मला नवलही वाटायचं.

मुलीचा अभिप्राय मी निखिलला दाखवला. त्यानं तो दोनदा वाचला.

"तिला काहीतरी उत्तर दे ना," मी म्हणाले.

"तूच दे, ताई," तो शांतपणे म्हणाला. "फक्त या वेळी स्वतःच्या नावानं दे."